'सैराट'चा पूर्वार्ध

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'वर गंभीर चर्चा सुरू झाली की ती बहुधा शेवटच्या दृश्यापासूनच सुरू होते. रक्तात भिजलेली चिमुकली पावले आणि त्या क्षणी पडद्यावर उतरलेली संपूर्ण शांतता यांवर आपण भरभरून बोलतो. पूर्वार्धाची बोळवण मात्र एका वाक्यात होते: कडू औषध घशाखाली उतरावे म्हणून लावलेले मधाचे बोट. हे मत मला मान्य नाही. २०१६ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट मन जिंकतो तो आधी एक रोमँटिक कॉमेडी म्हणून, आणि त्याच्या शोकांतिकेचे सारे बळ या जिंकण्यात आहे.

हे जिंकणे अनपेक्षित होते. 'फँड्री'च्या (२०१३) दिग्दर्शकाकडून अशा चित्रपटाची अपेक्षा नव्हती. शिवाय भेट, रुसवा, दुरावा, मीलन हा ठरीव क्रम साहित्याच्या अभ्यासकाला फारसा मोहवीत नाही. 'सैराट'मध्ये तर सगळे संकेत जसेच्या तसे आहेत. क्रिकेटचे मैदान गाजवणारा नायक आहे, त्याचे दोन जिवलग मित्र आहेत, चोरट्या नजरा आहेत, आणि अजय-अतुल यांचा भव्य वाद्यमेळही आहे. तरीही सारे नवे वाटते, कारण हे संकेत ज्यांच्या वाट्याला कधी आले नव्हते त्यांच्या हाती ते इथे पडले आहेत.

मराठी प्रेमविनोदाचा भूगोल पाहिला तर हे लक्षात येते. 'मुंबई-पुणे-मुंबई'चे (२०१०) नावच पुरेसे बोलके आहे. तिथल्या तरुण-तरुणीला अडवणारे जे काही आहे ते त्यांच्या मनातले आहे. बोलून मोकळे झाले की ते दूर होते. आपल्या सोलापूरकडची बोली पडद्यावर आली तर ती बहुधा गडी, भोळसट पाहुणा किंवा पाटलाच्या तोंडी, म्हणजे हसे होण्यासाठी किंवा दरारा दाखवण्यासाठी. मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आणि आर्चीची भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची. या चित्रपटात प्रेक्षक बोलीला हसत नाहीत, बोलीबरोबर हसतात. आर्चीचे ठसकेबाज बोलणे प्रेमाला अपुरे पडत नाही. करमाळ्याकडच्या पोरापोरींनाही प्रेमात खुळे होण्याचा हक्क आहे, हे इतक्या सहजपणे सांगितलेले मी पूर्वी पाहिले नव्हते.

आणि हा विनोद निरागसही नाही. वर्गात आर्ची परश्याकडे टक लावून पाहते आणि लाजतो तो. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते ती. आपण हसतो ते या उलटापालटीला. ट्रॅक्टर घेऊन ती मासेमारी करणाऱ्या परश्याच्या घरी जाते आणि त्याच्या आईकडे पाणी मागते. दृश्य खेळकर आहे; पण पाटलाच्या मुलीने कोणाच्या घरचे पाणी प्यावे याचा हिशेब ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवला गेला, तिथल्या प्रेक्षकाला त्या पेल्याचे वजन सांगावे लागत नाही. याच हसऱ्या पूर्वार्धात आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात लोखंडे सरांना थप्पड मारतो. अडसर कुठे आहे, हे दिग्दर्शकाने लपवलेले नाही. उत्साहाच्या भरात आपणच त्याकडे काणाडोळा करतो, कारण रोमँटिक कॉमेडीत अडसर अखेरीस दूर होतात असा आपला विश्वास असतो.

भरताने शृंगारापासून हास्याची आणि रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली आहे. 'सैराट'चे दोन भाग या दोन जोड्यांत जवळजवळ नेमके बसतात. मात्र मंजुळे त्यांना शेजारी ठेवून थांबत नाहीत. शेवटच्या दृश्यात ते दुसरी जोडी पहिलीच्या वेषात आणतात. रोमँटिक कॉमेडीचा शेवट कसा असतो? वडीलधाऱ्यांचा राग निवळतो, माहेरहून भेटवस्तू येतात, मांडलेला संसार कौतुकाने पाहिला जातो, चहापाणी होते. हैदराबादच्या त्या घरात अगदी हेच घडते. परश्याच्या घरी आर्चीने मागितलेल्या पाण्याची परतफेड व्हावी तसा पाहुण्यांसमोर चहा येतो. ज्या प्रेक्षकाने पूर्वार्धात मनापासून हसून या प्रकारावर विश्वास टाकला, त्यालाच हा चहा सलोख्याचा वाटू शकतो. ज्याने मधाचे बोट म्हणून तो भाग दूर सारला, त्याच्या वाट्याला फक्त एक धक्का येतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो: लोक गाण्यांवर नाचले आणि शेवट विसरले. काही जण विसरलेही असतील. पण उपाय म्हणून विनोद कमी करणे म्हणजे त्या पोरांकडून पुन्हा हसण्याचा हक्क काढून घेणे. हिंदीत 'धडक'ने (२०१८) कथा उदयपूरला नेली आणि जातीचा प्रश्न धूसर केला. तिथे विनोदही फिका पडला, हा योगायोग नव्हे. धोका अस्पष्ट झाला की खोडकरपणातले धाडसही संपते.

साहित्याच्या वर्गात 'सैराट' शिकवला जात असेल, तर सुरुवात शेवटापासून करू नये. आधी विद्यार्थ्यांना हसू द्यावे, आणि मग आपण नेमके कशाला हसलो हे त्यांना विचारावे. जातीविषयीची चर्चा त्या उत्तरांतून आपोआप सुरू होईल.