‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणणं थांबवा

आपल्याकडे लॅपटॉप अडकायला लागला की उपाय ठरलेला असतो. गल्लीतल्या दुकानात जायचं आणि म्हणायचं, ‘फॉरमॅट मारून द्या.’ चार-पाचशे रुपये, संध्याकाळी या. दुकानदार एक पेनड्राइव्ह लावतो, चहा पितो, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतो. संध्याकाळी लॅपटॉप नव्यासारखा पळतो. सोबत क्रॅक केलेलं ऑफिस, क्रॅक केलेलं फोटोशॉप आणि अँटिव्हायरस बंद करून चालवलेला एक ॲक्टिव्हेटर. त्या ॲक्टिव्हेटरच्या पोटात आणखी काय होतं, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. मग त्याच लॅपटॉपवर आपण नेटबँकिंग उघडतो.

दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही, त्याला मागितलं तेच तो देतो. माझं भांडण आपल्याशी आहे. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू घेतो आणि तिच्यात काय चालावं हे ठरवण्याची किल्ली, म्हणजे तो तीनशे रुपयांचा पेनड्राइव्ह, कायम दुसऱ्याच्या खिशात ठेवतो. ज्याच्या घरात कॉम्प्युटर आहे त्याला बूटेबल पेनड्राइव्ह बनवता आलाच पाहिजे. सिलिंडरला रेग्युलेटर लावायला आपण गॅस कंपनीचा माणूस बोलावत नाही, हे त्याच दर्जाचं काम आहे.

‘हे इंजिनियर लोकांचं’ असं कोणी म्हणालं की मला हसू येतं. आम्हाला ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा अख्खा विषय होता. बँकर्स अल्गोरिदमची गणितं सोडवली, पेज रिप्लेसमेंटचे तक्ते आखले. डेडलॉकच्या चार अटी झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. पण पूर्ण सेमिस्टरमध्ये एकाही मशीनवर एकही ऑपरेटिंग सिस्टिम आमच्या हातानं टाकून घेतली नाही. लॅबमधलं मशीन बसलं की असिस्टंट यायचे आणि पहिलं काम म्हणजे आम्हाला बाहेर काढायचे.

आता यात अवघड काय आहे ते बघू. मशीन चालू झालं की आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनवर बायोस, नव्यावर यूईएफआय. त्याला तुमची विंडोज, तुमचे फोटो काही कळत नाही. तो फक्त ठरावीक जागी बघतो. बायोस ड्राइव्हचे पहिले ५१२ बाइट वाचतो. यूईएफआय फॅट पद्धतीनं आखलेल्या पार्टिशनमध्ये ‘ईएफआय’ फोल्डर, त्यात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. सापडली तर चालवतो, नाही तर पुढचा ड्राइव्ह. म्हणून आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर काही होत नाही. ती एक बंद पेटी आहे, आणि यूईएफआयला पेटी उघडता येत नाही. रुफस, बलेनाएचर किंवा व्हेंटॉय एवढंच करतात की आतला माल, किंवा तो उघडणारा प्रोग्राम, जिथे बघितलं जाणार आहे तिथे नेऊन ठेवतात. रुफसमध्ये आयएसओ निवडायची, पेनड्राइव्ह निवडायचा, स्टार्ट दाबायचं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. नंतर मशीन चालू करताना एफ१२, एफ२ नाही तर एस्केप, कंपनीप्रमाणे जे बटण असेल ते दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. झालं.

हे आत्ताच का सांगतोय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ साली घेतलेला, आजही ठणठणीत असलेला सातव्या पिढीचा आय५ एका तारखेला कागदोपत्री म्हातारा झाला. माझ्या मामेबहिणीचा लॅपटॉप हाच. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. पीडीएफ, यूट्यूब आणि टेस्ट सिरीज, एवढीच तिची गरज. दुकानात सांगितलं, ‘ताई, आता हा चालणार नाही, भंगारात द्या.’ मामा नवीन लॅपटॉपचे हप्ते बघायला लागले होते. मी म्हटलं, ‘मामा, रविवारपर्यंत थांबा.’ लिनक्स मिंटची आयएसओ तीन जीबीच्या आसपास असते, रोजचा दोन जीबीचा पॅक असेल तर दीड दिवसाचं इंटरनेट. गंमत म्हणजे पेनड्राइव्हवरून मिंट सुरू होतं तेव्हा हार्ड डिस्कला हातही लावत नाही. वायफाय चालतं का, आवाज येतो का, हे आधी वापरून बघायचं आणि पटलं तरच टाकायचं. बहिणीनं तासभर वापरलं आणि म्हणाली, ‘दादा, टाक.’ ते टाकायलाही तिलाच बसवलं.

पण मामांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला मी हात लावला नाही. तिथे लग्नपत्रिका होतात, श्रीलिपी आणि पेजमेकरवर. इथे माझ्या लिनक्सवाल्या मित्रांशी माझं वाजतं. ‘लिनक्स टाका, सुटलात’ असं इंग्रजीत सुनावणं सोपं आहे. मराठी छपाईचं निम्मं जग वर्षानुवर्षं विंडोजवरच्या जुन्या फॉन्टांत अडकलेलं आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. अशा मशीनसाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत दिली, तीही मर्यादितच. आणि विंडोजच ठेवायची असेल तरी तिची आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेऊन पेनड्राइव्ह स्वतः बनवा. दुकानातल्या पेनड्राइव्हवर कोणती आवृत्ती आहे हे विचारलंय कधी?

तुमच्यातले बरेच जण हे फोनवर वाचत असाल. फोनवर ऑपरेटिंग सिस्टिम ही वेगळी करता येण्यासारखी गोष्ट आहे, हेच आपल्याला कधी दिसत नाही. बूटलोडर कुलूपबंद, आणि कित्येक कंपन्या ते उघडायची सोयच देत नाहीत. अपडेट थांबले की फोन बदला. घरातलं बाहेरून दुसरी सिस्टिम लावता येणारं जवळजवळ शेवटचं यंत्र म्हणजे पीसी. तेही गृहीत धरू नका. आज बहुतेक लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू ठेवून मिंट किंवा उबुंटू सुरू होतं, कारण त्यांच्या बूटलोडरवर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीची सही असते. २०१२ साली आलेल्या विंडोज आरटीच्या टॅबलेटवर तर सिक्युअर बूट बंद करायचा पर्यायच नव्हता. तेव्हा ती उपकरणं फारशी खपली नाहीत, हे आपलं नशीब.

‘आणि बिघडलं तर?’ हा प्रश्न रास्त आहे. म्हणून डेटा आधी दुसरीकडे काढा, यात सूट नाही. आयएसओ मूळ साइटवरूनच घ्या आणि एसएचए-२५६ चा आकडा जुळवा. हा सोपस्कार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द लिनक्स मिंटची वेबसाइट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक मागचं दार ठेवलेल्या आयएसओकडे वळवली होती. हा आकडा त्या साइटव्यतिरिक्त आणखी एखाद्या ठिकाणाहून पडताळलेला बरा.

घरात चालू कॉम्प्युटरच नसेल तर अँड्रॉइडवर एचड्रॉइड नावाचं मोफत ॲप आहे. ओटीजी केबल लावून फोनवरूनच लिनक्सचा पेनड्राइव्ह बनतो, विंडोजचा मात्र नाही. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा त्यातले गोव्याचे फोटो आधी काढून घ्या. कॉम्प्युटरवर करत असाल तर स्टार्ट दाबण्याआधी ड्राइव्हचं नाव आणि आकार दोनदा वाचा. शेजारी बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली असेल, तर ती उपटूनच ठेवा.