लॉटरी लागली तर सहलीला कोण कोण?

लॉटरी लागली तर काय करशील, असे विचारले की आमच्या वर्गातली निम्मी मुले म्हणतात, फिरायला जाईन. मलाही तसेच वाटते. मनातल्या मनात फिरायला पैसे पडत नाहीत.

२००४ साली आपल्या महाराष्ट्रात डेक्कन ओडिसी नावाची आगगाडी सुरू झाली. ती राजवाड्यासारखी आहे. झोपायला पलंग, खोलीला न्हाणीघर, जेवायला वेगळा डबा. भाडे लाखांत. माझ्या मनातल्या गाडीत अख्खा गाव बसतो. आजी खिडकीपाशी. भजनी मंडळाला शेवटचा डबा, कारण ते रात्रभर गातात.

आधी रायगड बघायचा. तिथे ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. गडाला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत, म्हणून म्हाताऱ्या माणसांना रोपवेने वर न्यायचे. मग समुद्र. आजीने अजून समुद्र पाहिलेला नाही. हे तिला सांगितले तर ती म्हणाली, "समदी गेल्यावर म्हशीला पाणी कोण दावंल रं?" म्हणून मी दोन खेपा ठरवल्या. निम्मा गाव आधी, निम्मा मागून.

पण मित्रांनो, आता हिशेब करू. महाराष्ट्र सरकारची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. समजा तिकिटावर पाच आकडे आहेत. ००००० पासून ९९९९९ पर्यंत एक लाख तिकिटे होतात. पहिला नंबर एकच. बाकीचे ९९,९९९ राहिले. त्यांतल्या काहींना लहान बक्षिसे मिळतील, पण पुष्कळांचे पैसे जाणारच. मोठे बक्षीस लागले तरी त्यातले शंभराला तीस रुपये आणि वर थोडे, इतका कर जातो. म्हणजे मी गाडीत बसणार ते हरलेल्यांच्या पैशांनी. त्यांच्यातही कुणाची तरी आजी असेल आणि तिनेही समुद्र पाहिला नसेल.

काही जण म्हणतात, तिकीट घेतल्याशिवाय नंबर कसा लागणार? ते खरे आहे. पण घरात तेलमीठ आणायचे पैसे तिकिटाला घातले, तर नंबर लागेपर्यंत खायचे काय?

माझ्या मते चैनीची सहल म्हणजे पलंगाची गाडी नव्हे. ज्या सहलीत कोणी मागे राहत नाही, ती चैनीची सहल. गेल्या साली शाळेची सहल गेली तेव्हा आमच्या वर्गातले सहा जण आले नाहीत. कोणी म्हणाले पोट दुखते, कोणी म्हणाले गाडी लागते. खरे कारण सगळ्यांना ठाऊक होते. आम्ही परत आल्यावर गमती सांगत होतो आणि ते सहा जण पाटीकडे बघत होते.

यावर माझा उपाय असा. वर्गात एक बंद डबा ठेवावा. आम्ही २४ मुले आहोत. दर आठवड्याला पाच रुपये प्रत्येकी टाकले, तर ४० आठवड्यांत २०० रुपये होतात. २४ जणांचे ४,८०० रुपये. ज्याला जमेल त्याने टाकावे, ज्याला नाही जमणार त्याने टाकू नये. कोणी किती टाकले ते कोणी बघायचे नाही. त्यातून ज्यांची वर्गणी राहिली, त्यांची भरायची. शिवाय शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात सवलत देते.

आणि माझी आजी ७६ वर्षांची आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या माणसांना एसटी फुकट झाली. तेव्हा आजीला समुद्र दाखवायला लॉटरी लागत नाही. बाबांना सवड लागते आणि म्हशीला पाणी दाखवायला शेजारच्या काकू लागतात. काकू हो म्हणाल्या आहेत.

डब्याचा विचार यंदाच्या सहलीच्या आधी व्हावा, अशी माझी गुरुजींना विनंती आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी