फॉरमॅट? जरा थांबा!

दोस्तांनो, या आठवड्याच्या टपालात सोलापूरहून आलेलं एक पत्र आहे. सातवीतली मुलगी लिहिते, ‘काका, आमच्या कारखान्यातला कॉम्प्युटर सोमवारपासून सुरूच होत नाही. निळा पडदा येतो, गोल गोल फिरतं आणि पुन्हा बंद. दुरुस्तीवाले दादा म्हणतात, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावं लागेल. पण त्यात पप्पांची चादरींची डिझाइन्स आहेत. आणि आजीने म्हटलेली गाणी आहेत. आजी आता नाही. सगळं जाईल का?’

बहुतेक नाही जाणार, बेटा. फक्त फॉरमॅटला अजून हो म्हणू नकोस.

तुमच्याच गावचं उदाहरण घेऊ. जुन्या जॅकार्ड मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ पाहिली आहेस? फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. चादरीवरचा मोर असा पुठ्ठ्यांत साठवलेला! आता माग मोडला, तर पुठ्ठ्यांची माळ कुणी चुलीत घालतं का? विंडोज म्हणजे माग आणि तुझ्या फाइली म्हणजे पुठ्ठे. माग बिघडलाय, पुठ्ठे हार्ड डिस्कवर तसेच आहेत. फॉरमॅट केला की मात्र पुठ्ठ्यांवरच संकट.

मग ते बाहेर कसे काढायचे? दुसरा माग आणून! उबुंटू नावाची फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. मैत्रिणीच्या चालू कॉम्प्युटरवर ती उतरवून घ्यायची आणि रूफससारख्या प्रोग्रॅमने किमान १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची. (त्या पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं बरं का! ताईचा प्रोजेक्ट असलेला उचलू नका.) पेन ड्राइव्ह बिघडलेल्या कॉम्प्युटरला लावा, चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप दाबा. कंपनीगणिक बटण वेगळं. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. पुढे ‘ट्राय’ आणि ‘इन्स्टॉल’ असे दोन पर्याय येतील, तिथे ट्रायच! चुकून इन्स्टॉल करत गेलात, तर ज्याची भीती होती तेच होईल. या वेळी घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं असावं.

आता हार्ड डिस्क उघडा. ‘युजर्स’ फोल्डरमध्ये आपल्या नावाचा फोल्डर, त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, डाउनलोड्स. हे सगळं दुसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ‘कट’ नाही, ‘कॉपी’. पण एवढ्यावर थांबू नका. डिझाइनच्या आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आपलं सामान भलतीकडेच ठेवायची खोड असते. ते कुठे, हे पप्पांना विचारा.

डिस्क उघडताना ४८ आकडी किल्ली मागितली, तर घाबरू नका. ते बिटलॉकरचं कुलूप. किल्ली बहुतेकदा पप्पांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. डिस्कमधून टक्‌टक्‌ आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. तिथे बिघाड मागात नाही, पुठ्ठेच फाटताहेत.

आपल्या मराठी माणसांची आणखी एक पंचाईत. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं मराठी टायपिंग पुष्कळदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतं. फाइल वाचली, पण फॉन्ट मागे राहिला, तर नव्या विंडोजमध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते! म्हणून ‘विंडोज’ फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डरही उचला आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडी शोधून ठेवा. युनिकोडमधल्या मजकुराला ही भीती नाही.

कॉपी पूर्ण झाली? ती डिस्क मैत्रिणीच्या कॉम्प्युटरला लावा. दोन-चार डिझाइन्स उघडून बघा. कधीकधी फाइल दिसते, पण आत काही नसतं. आजीचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका आणि मगच दादांना फोन करा.