दवाखाना सगळ्यांना खुला, पण पोहोचायचं कसं?



९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी महाराष्ट्रातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकदम ऑनलाइन उद्घाटन केलं. त्यात आपलं अंबरनाथ. शंभर विद्यार्थ्यांचं कॉलेज म्हटलं की नियमाने चारशेच्या वर खाटांचं रुग्णालय लागतं. आज उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधलं मध्यवर्ती रुग्णालय जेमतेम दोनशे खाटांवर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि पार मुरबाडपर्यंतचा पेशंट सांभाळतं. त्यामुळे हे नवं रुग्णालय नेमकं कुठं उभं राहतं, हा आपल्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

टपरीवर वाद ऐका. उल्हासनगरवाला म्हणतो आमची लोकसंख्या जास्त, अंबरनाथवाला म्हणतो कॉलेज आमचं, बदलापूरवाला म्हणतो आमच्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं. तिघांनाही माझं सांगणं आहे की वाद चुकीचा चाललाय. अंबरनाथ ते बदलापूर लोकलने दहा मिनिटं. रेल्वेने ही तीन शहरं कधीच एक केलीत. पेशंट अडतो तो स्टेशनाबाहेर. सुभाष टेकडीवरची म्हातारी, बुवापाड्यातला नाका कामगार, बारवीकडच्या पाड्यावरची कातकरी बाई, यांना शहराच्या नावाशी काय देणंघेणं? स्टेशनवर उतरल्यावर चालत जाता येतं की रिक्षाला दोनशे रुपये मोजावे लागतात, एवढंच त्यांना कळतं. रात्री एकनंतर तर दोनशेलाही रिक्षा मिळत नाही.

आमच्या वस्तीतल्या एका बाळंतिणीला एका रात्री तीन दारं फिरवली. नावं लिहीत नाही, कारण ड्युटीवरच्या नर्सवर राग काढून काही होत नाही. तिसऱ्या दारापर्यंत रिक्षावाल्यानं उधारीवर नेलं, तो आपलाच पोरगा होता म्हणून.

आता महाड आठवा. १९२३ ला बोले ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपला माणूस तिथं पाणी पिऊ शकला नाही. कागदावर खुलं असणं आणि प्रत्यक्ष पोहोचता येणं यातलं अंतर किती असतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याला, जिथं बसही जात नाही, तिथं काचेची इमारत बांधून "सर्वांसाठी खुले" अशी पाटी लावली, तर त्या पाटीची किंमत १९२४ च्या ठरावाइतकीच. फरक इतकाच, की इथं दारात कुणी काठी घेऊन उभा नसेल. रिक्षाचं भाडंच ते काम करेल.

बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूरमंत्री होते. पुढे १९४८ च्या कायद्यातून आलेल्या कामगार विम्याचा पाया त्या काळातच घातला गेला. १९४६ च्या भोर समितीनंही सांगितलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराला मुकता कामा नये. रिक्षाभाडं हेही पैसेच असतात, हे मात्र नकाशा काढणारे विसरतात.

"स्टेशनजवळ जागा कुठं आहे?" असं विचारलं जाईल. टॉवरला जागा सापडते हो! विकास आराखड्यात रुग्णालयासाठी आरक्षित भूखंड असतात. तिन्ही शहरांत ते किती होते, किती उरले, किती भूखंडांवर अतिक्रमण झालं आणि कितींचं आरक्षण गुपचूप बदललं, हे आधी जाहीर करा. खरंच एवढा मोठा भूखंड बाहेरच मिळत असेल तर मी अडून बसणार नाही. पण मग स्टेशनपासून चोवीस तास बस इमारतीच्या मंजुरीतच लिहून द्या, नंतर बघू म्हणू नका. आणि उल्हास नदीची पूररेषा सोडून बांधा. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. दवाखान्यातल्या पेशंटला होडीतून काढायचं का?

दुसरा धोका मला जास्त वाटतो. नवं उभं करायच्या नावाखाली उल्हासनगरचं मध्यवर्ती, अंबरनाथचं छाया आणि बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय यांतले डॉक्टर-नर्स तिकडं ओढले जातील. एक रुग्णालय आवरतं घेतलं की बाजूच्यावर काय येतं? ठाण्याचं जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवलं, भार कळव्यावर गेला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत अठरा माणसं दगावली. त्यातले बहुतेक मोठ्या खासगी हॉस्पिटलात जाऊ शकणारे नव्हते. बाळंतपण, साप-विंचू, कुत्रा चावणं, ताप-जुलाब हे गावातल्या गावातच राहिलं पाहिजे.

जयंतीच्या डीजेवर वर्गणी काढणाऱ्या माझ्या भावांनो, यंदा त्यातले दहा रुपये बाजूला ठेवा. माहिती अधिकाराच्या अर्जाला तेवढीच फी लागते. रुग्णालयाच्या जागेचा सर्व्हे नंबर, पूररेषेचा नकाशा आणि आरक्षण बदलाच्या फाइली मागा. बौद्ध विहारात रविवारी बसून अर्ज लिहू. उल्हासनगरची पोरं महापालिकेत देतील, अंबरनाथ-बदलापूरची नगरपालिकेत.