औषधाचे वजन की पाकाचे?

कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची नेहमीची बाटली १०० मिलिलिटरची असते. दर पाच मिलिलिटरमागे १० मिलीग्रॅम, म्हणजे अख्ख्या बाटलीत कोडीन २०० मिलीग्रॅम. बाकी सगळा साखरेचा पाक, पाणी, रंग आणि स्वाद. दहा बाटल्यांत मिळून कोडीन भरते २ ग्रॅम.

अमली पदार्थविरोधी ‘एनडीपीएस’ कायद्यात कोडीनची अल्प मात्रा १० ग्रॅम आणि व्यापारी मात्रा १ किलो ठरवली आहे. कोडीन मोजले तर या दहा बाटल्या अल्प मात्रेत बसतात आणि शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. पाकासकट मोजले तर त्याच बाटल्या किलोच्या वर जातात आणि शिक्षा किमान १० वर्षे, कमाल २०. जामीनही जवळपास अशक्य होतो, कारण आरोपी दोषी नसावा असे न्यायालयाला आधीच वाटावे लागते.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मायकेल राज खटल्यात शुद्ध अमली द्रव्याचेच वजन धरावे असे सांगितले होते. केंद्राने पुढच्याच वर्षी अधिसूचना काढून संपूर्ण मिश्रण मोजण्याचे ठरवले आणि एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी त्यावर शिक्कामोर्तब केले. रस्त्यावर विकले जाणारे हेरॉईन भेसळीचेच असते आणि ते तसेच घेतले जाते, हा त्यामागचा युक्तिवाद. हेरॉईनच्या पुडीला तो पटतो. पण कारखान्यात तयार झालेल्या औषधात द्रव्य किती, हे वेष्टनावरच छापलेले असते. तिथे पाक तोलण्याचे वैद्यकीय कारण सापडत नाही.

गोळ्यांचा प्रकार तर आणखी विचित्र. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलाम घ्या. ०.२५ मिलीग्रॅमची गोळी आणि त्याच्या चौपट ताकदीची गोळी यांच्या वजनात फारसा फरक नसतो. गोळीचा बहुतेक भाग पूरक भुकटीचाच. गोळी १०० मिलीग्रॅमची धरली, तर हजारभर गोळ्या १०० ग्रॅमच्या व्यापारी मर्यादेला टेकतात. नशा चौपट असो वा पाव, शिक्षा तीच.

उलट परवानाधारक दुकानदाराने हेच औषध चिठ्ठीशिवाय विकले, तर बहुधा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागतो आणि प्रकरण परवान्यावर किंवा एक-दोन वर्षांच्या कैदेवर निभावते. दोन्ही कायदे एकाच वेळी लावता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही कोडीनच्या बाटल्यांबाबत उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. कोणता कायदा लागेल हे पुष्कळदा बाटली कुणाच्या हातात सापडली यावर ठरते.

यात सर्वांत जास्त भरडला जातो तो व्यसनी रुग्ण. स्वतःहून उपचाराला तयार असलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे. मात्र ते सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यापुरतेच. व्यसन जडलेले लोक दिवसाला दोन-तीन बाटल्या पितात. आठवड्याचा साठा जवळ बाळगणारा असा माणूस पाकाच्या वजनामुळे थेट व्यापाऱ्यांच्या रांगेत जातो आणि व्यसनमुक्ती केंद्राचा रस्ता त्याला बंद होतो.