नाटक : साक्ष देण्याची शाळा

अहमदनगरमधील मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८५५ साली त्यांनीच ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यातील नाडले गेलेले कुणबी जोडपे अखेरीस रात्रीच्या शाळेकडे वळते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. शाळा आणि नाटक ही आपल्या परंपरेत अशी सख्खी भावंडे आहेत.

स्वातंत्र्यानंतरही हे नाते टिकले. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ने अस्पृश्यतेचा दाह रंगमंचावर आणला. दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ने तर चळवळीच्याच पिढ्या समोरासमोर उभ्या करून आपल्यालाच प्रश्न विचारले.

आज आपल्या संमेलनांतून महाड आणि दीक्षाभूमीचे प्रवेश सादर होतात. ते व्हावेतच. परंतु केवळ गौरव पाहून प्रेक्षक जयघोष करतो व क्रांती पूर्ण झाली, अशा समजुतीने घरी जातो.

ती पूर्ण झालेली नाही. आपल्याच जिल्ह्यात खर्डा येथे २०१४ साली एका शाळकरी दलित मुलाची हत्या झाली. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. कायदा होता, न्यायालय होते. दिलेला शब्द अखेरपर्यंत टिकवणारी माणसे पुरेशी नव्हती. ज्याला त्याच गावात राहून दुसऱ्याच्या रानात राबायचे असते, त्याची भीती खरी असते. नाटकाने ती नाहीशी होईल, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. तथापि, भरल्या सभेत ताठ उभे राहून खरे बोलणे ही सवय आहे आणि ती लहानपणीच लागते. अष्टांगिक मार्गातील सम्यक वाचा हीच सवय मागते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे : दरवर्षी एक नाटक विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावे. त्यात गावचा पाणवठा व मजुरी यावी, तसेच आपल्या घरांतील हुंडा आणि मुलींचे लवकर उरकलेले विवाहही यावेत. माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी वेळ द्यावा. पालकांनी ते शांतपणे पाहावे. बोट आपल्याकडे वळेल, तेव्हा तर अधिकच शांतपणे.