वर्गणी पालकांची, निर्णय कोणाचा?

शाळेच्या कारभारात पालकांचा सहभाग वाढला पाहिजे, असे अलीकडे मंत्र्यांपासून गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सारेच सांगतात. सहभाग म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणी सांगत नाही. भिंतीला रंग द्यायचा असला, गळके छप्पर शाकारायचे असले, संगणक घ्यायचा असला, की पालकांना हाक येते. शाळा राहणार की जाणार हे ठरवायचे असले, की ती येत नाही. वर्गणीच्या वेळी भागीदार आणि निर्णयाच्या वेळी उपरा, असे पालकाचे जे दुहेरी स्थान शासनकर्त्यांनी निर्माण केले आहे, त्यालाच ‘लोकसहभाग’ असे गोंडस नाव मिळाले आहे.

कोयनानगरच्या परिसरात ही विसंगती उघड्यावर येते. १९५० च्या दशकात कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि शंभरच्या घरात गावे त्यापायी उठली. खोऱ्यातील सकस जमीन शिवसागर जलाशयाखाली गेली. काही कुटुंबे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत धाडली गेली. काही वर डोंगरउतारावर सरकली. पुढे १९८५ साली अभयारण्य आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि उरलेल्या वाड्यांच्या हालचालींवर नवी बंधने आली. कर्ता पुरुष मुंबईच्या बाजारांत ओझी वाहायला गेला. ज्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, ते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्याचे, हा काही योगायोग नव्हे. अशा वाडीत पहिली ते चौथीच्या शाळेचा पट दहा-पंधरावर आला, तर तो पालकांच्या अनास्थेचा पुरावा कसा ठरतो? विकासाच्या एका विशिष्ट रीतीने गाव फोडले. पट त्या फुटीची नोंद तेवढी करतो. राज्याला १,९६० मेगावॉट क्षमतेचे वीज केंद्र मिळाले, आणि वाडीच्या वाट्याला पटसंख्येची अट आली.

वस्तुतः कायदा पालकांच्या बाजूचा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार प्रत्येक सरकारी व जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समिती असली पाहिजे. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा, निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. शाळेच्या कामकाजावर आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे व शाळेचा विकास आराखडा तयार करणे, ही तिची कामे. त्यापुढचे २२ वे कलम अधिक मोलाचे आहे. समितीने केलेला आराखडा हाच शासनाच्या नियोजनाचा आणि अनुदानाचा आधार राहील, असे ते बजावते. म्हणजे वाडीतल्या बाया-बापड्यांनी बसून शाळेला काय हवे ते लिहायचे आणि त्यावरून सरकारने पैसा द्यायचा, असा हा क्रम आहे.

प्रत्यक्षात हा क्रम उलटा झाला आहे. समग्र शिक्षा योजनेतील शाळा अनुदान आराखड्यावर ठरत नाही; ते डोकी मोजून ठरते. तीस किंवा त्याहून कमी मुलांच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० मुले असल्यास २५,०००, त्यापुढे २५० पर्यंत ५०,०००. वर्षाकाठी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस झेलणारे छप्पर पटावर मुले बारा आहेत म्हणून कमी गळते काय? ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्या भूमीने भोगला, तेथील भिंतीची डागडुजी पटसंख्येच्या हिशेबाने स्वस्त होते काय? अर्थशास्त्रातील प्राथमिक गोष्ट अशी की इमारत, पाणी, वीज, स्वच्छतागृह हे खर्च मुलांच्या संख्येबरोबर फारसे हलत नाहीत. ते डोक्यांवर वाटले की लहान शाळा ‘महाग’ दिसू लागते, आणि मग ती महाग आहे म्हणून बंद करण्याची भाषा सुरू होते.

ही भाषा नवी नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा हलविण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा आकडा पुढे करून ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागविले गेले. हे प्रस्ताव अधिकाऱ्यांनी पाठवायचे होते. ज्या समित्यांकडे कायद्याने नियोजन सोपविले आहे, त्यांच्या ठरावाची अट या प्रक्रियेच्या मुळाशी असायला हवी होती; ती नव्हती.

समूह शाळेने पैसा वाचतो, हा युक्तिवाद तपासून पाहण्यासारखा आहे. शाळा वाडीतून उठली की खर्च नाहीसा होत नाही. तो तिजोरीतून निघून घराच्या माथी बसतो. पोराला नेण्या-आणण्यासाठी आईचा रोज बुडतो. जलाशयाकाठच्या वाड्यांना लाँचची वाट पाहावी लागते. ओढ्याला पाणी चढले की शाळा चुकते, आणि सर्वांत आधी घरी बसते ती मुलगी. प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा नियम याच कारणासाठी झाला. शासनाच्या ताळेबंदात यांपैकी एकही रकम दिसत नाही, म्हणून तिला बचत म्हणतात.

आता दुसरी बाजू पाहावी. त्याच सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने ‘दत्तक शाळा’ योजना काढली. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख रुपयांच्या वस्तू व सेवा देणाऱ्या कंपनीला किंवा दात्याला शाळेला आपल्या पसंतीचे नाव जोडून घेण्याची मुभा त्यात आहे. ज्यांनी जमीन दिली, श्रम दिले आणि पोटची मुले दिली, त्यांचे नाव त्या शाळेला लावावे, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. मूल अनाथ असेल तर दत्तक द्यावे लागते. या शाळांचे मायबाप तर वाडीतच आहेत.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: हे पालक अशिक्षित, त्यांना शाळेतले काय कळणार? ज्यांचे मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दाखवून दिले होते, की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा त्याच्या मुलांच्या शिक्षणावर खर्चच होत नाही. हा प्रश्न पंडितांनी विचारला नव्हता. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीरांनी मूठमूठ धान्य गोळा केले ते निरक्षर घरांतूनच. आज त्या मुठीचा दाखला देऊन वर्गणी मागणारे अधिकारी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. परकी सत्ता जबाबदारी घेत नव्हती म्हणून रयतेने ती उचलली होती. स्वराज्याच्या शासनाला तिच्यातून अंग काढून घेता येणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाच-सात मुलांच्या शाळेत खेळ, सोबत आणि स्पर्धा यांची वाण पडते, हे खरेच आहे. पण त्यावर शेजारच्या दोन-तीन शाळांची मुले आठवड्यातून एक-दोन दिवस एकत्र आणणे, फिरते कला व क्रीडा शिक्षक देणे, असे उपाय आहेत. साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक ही कायद्याची अट पाळली, आणि त्या शिक्षकांची माहिती भरण्याच्या वेठीतून सुटका केली, तरी पुष्कळ साधेल. आणि एखाद्या वाडीतील पालकांनी सर्व बाजू समजून घेऊन स्वतःच विलीनीकरणाचा ठराव केला, तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न निर्णय कोणी घ्यावा याचा आहे.

या कामी कार्यकर्त्यांपुढचा मार्ग स्पष्ट आहे. साखर कारखान्याच्या निवडणुकीला तालुका ढवळून निघतो. शाळा समितीची निवड मात्र अर्ध्या तासात, मुख्याध्यापकांच्या वहीतल्या सह्यांवर उरकते. दर दोन वर्षांनी होणारी ही निवड पालकसभेत, खुली आणि पूर्वसूचनेने व्हावी, असा आग्रह धरावा. बाप मुंबईत असताना समितीची धुरा आईवरच येते. म्हणून मासिक बैठक रोजगार बुडणार नाही अशा वेळी ठेवावी. तीन वर्षांचा आराखडा पालकांनी स्वतः लिहावा, छपरापासून शिक्षकांच्या रिकाम्या जागेपर्यंत. तो ग्रामसभेत वाचावा आणि जिल्हा परिषदेकडून पोच घ्यावी. अनुदान आराखड्याप्रमाणे का आले नाही, हे माहिती अधिकारात विचारावे. मुलांच्या हक्काचा भंग झाला, तर ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. तिचा निकाल तीन महिन्यांत देणे बंधनकारक आहे. या कामात शिक्षकाला शत्रू मानू नये. रिकामी जागा आणि गळके छप्पर त्यालाही तितकेच छळते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समितीच्या लेखी ठरावाशिवाय एकही शाळा बंद होणार नाही किंवा विलीन होणार नाही, ही तरतूद नियमांत यावी, अशी मागणी प्रत्येक वाडीतून उठली पाहिजे. कोयनेच्या लोकांना धरणाच्या वेळी कोणी विचारले नाही, अभयारण्याच्या वेळीही नाही. निदान शाळेच्या बाबतीत त्यांना विचारावेच लागेल, इतकी ताकद या समित्यांत उभी करणे हे चळवळीचे तातडीचे काम आहे.